पळालेले घोडे आणि रबाळ्याचं एक गॅरेज

आमच्या सोसायटीत माझ्या गाडीला 'ॲम्ब्युलन्स' म्हणतात. पांढरी, लांबलचक, मागे काचाच काचा. नवीन वॉचमन आला तेव्हा रात्री साडेअकराला मी आत शिरताना त्याने गेट उघडता उघडता विचारलं होतं, "काका, कोण सिरियस आहे?" सिरियस गाडीच होती. ठाण्याच्या पाचपाखाडीत अशा गाड्या फार दिसत नाहीत, म्हणून ओळख करून देतो: मर्सिडीज ३००टीई, १९८९ ची, स्टेशन वॅगन. मामा इंग्लंडमधली नोकरी संपवून परतला तेव्हा टीआरवर (ट्रान्सफर ऑफ रेसिडेन्स, म्हणजे परदेशातून कायमचं परतताना गाडी सोबत आणायची सोय) घेऊन आला होता. त्याच्यानंतर ती माझ्याकडे आली. दर पाच वर्षांनी पासिंगची वारी, ग्रीन टॅक्स, सगळं रीतसर चालू आहे.

इंजिन एम१०३. २९६२ सीसी, सहा सिलिंडर एका रांगेत, बारा व्हॉल्व्ह. ब्रोशरात १८० ते १९० घोडे (एचपी) लिहिलेले आहेत, कॅटॅलिटिक (धूर स्वच्छ करणारा कन्व्हर्टर) असेल-नसेल त्यावर आकडा थोडा हलतो. आमच्या गाडीला कॅटॅलिटिक नाही. गाडीचं वजन दीड टनाच्या वर, चार गिअरचा ऑटोमॅटिक, आणि हलक्या पायाने निघालात तर हा गिअरबॉक्स दुसऱ्यातच सुरुवात करतो. हे सांगायचं कारण, गेली तीन-चार वर्षं सिग्नल सुटल्यावर माझ्या मागचे रिक्षावाले हॉर्न वाजवत होते. तीन लिटरच्या गाडीला. तीन हात नाक्यावर एका टेम्पोने मला मागे टाकलं, त्यात वर कोथिंबिरीच्या जुड्या होत्या.

पिकअप गेला होता. ॲव्हरेज ठाण्यात साडेपाच. मे महिन्यात गरम इंजिनवर पुन्हा स्टार्ट करायला दहा-पंधरा सेकंद सेल्फ. पावसाळ्यात सकाळी झटके. आणि पुण्याला मुलाकडे जाताना बोरघाटात एसी बंद करावा लागे, नाहीतर ट्रकच्या मागून मुकाट चढायचं.

रबाळ्याच्या आधी मी जिथे गेलो होतो ते दुकानही सांगायला हवं. नाव नाही सांगत, ठाण्यातलंच आहे, बाहेर निऑन पाटी आणि आत एसी वेटिंग रूम. तिथल्या मुलाने मला सांगितलं, "अंकल, २५ एचपी वाढवून देतो." एअर फिल्टरचा मूळ डबा काढला आणि लाल कोन फिल्टर बसवला. मूळ डब्याला समोरून थंड हवा मिळायची, हा कोन इंजिनच्या डोक्यावर बसून तिथलीच गरम हवा ओढायला लागला. आवाज मात्र छान आला, खोटं कशाला बोला. मिक्स्चरचा, म्हणजे हवा-पेट्रोलच्या मिश्रणाचा, स्क्रू फिरवला. आणि बिलात एक ओळ होती: टॅपेट सेटिंग, १,८०० रुपये. या इंजिनाचे टॅपेट हायड्रॉलिक आहेत, तेलाच्या दाबाने व्हॉल्व्हची फट स्वतःच भरून काढणारे. सेट करायला त्यात काही नसतंच. मी आयुष्यभर ठाणे-बेलापूर पट्ट्यात इन्स्ट्रुमेंटेशनला काम केलं, कंपनीत वेंडरची बिलं बारकाईने तपासायचो, आणि स्वतःच्या गाडीचं बिल न वाचता पैसे देऊन आलो. ही गोष्ट मला त्या १,८०० पेक्षा जास्त लागली.

रबाळे एमआयडीसीतलं हे गॅरेज मला जुन्या कंपनीतल्या एका फिटरने दाखवलं. पाटी नाही. पत्र्याची शेड, बाहेर चिंचेचं झाड, एक कुत्री. मिस्त्री मालवणकडचे, सत्तरीला टेकलेले, आखातात कितीतरी वर्षं याच गाड्यांवर काम केलेलं. त्यांनीच बजावलंय की नाव-नंबर कुठे टाकायचा नाही, "हयसर आधीच जागा नाय." म्हणून नाव नाही. जुन्या मर्सिडीजवाल्या कुणालाही रबाळ्यात विचारा, सापडतील.

मी आपलं डोक्यात घेऊन गेलो होतो की एक्झॉस्ट मोठा करू, चिप वगैरे काही असेल तर बघू. (१९८९ च्या गाडीत कसली चिप!) मिस्त्रींनी बॉनेट उघडलं, लाल कोन बघितला, माझ्याकडे बघितलं, आणि चहा मागवला. मग म्हणाले, "साहेब, घोडे वाढवूचे नाय. पळालेले आसत, ते धरून हाडूचे." आणि पहिल्या दिवशी एकही पाना लावला नाही. फक्त मोजमाप.

हे मला फार आवडलं. सांगतो काय काय मोजलं.

कॉम्प्रेशन: सहा सिलिंडरना १५० ते १६२ पीएसआय. म्हणजे इंजिनचं पोट ठीक आहे, रिंगा-बिंगा करायची गरज नाही. तिथेच लाखभर रुपये वाचले. मग पेट्रोलचं प्रेशर. या गाडीत केई-जेट्रॉनिक नावाची बॉशची यंत्रणा आहे, आजच्यासारखे टिकटिक करणारे इंजेक्टर नाहीत. येणारी हवा एक गोल थाळी खाली दाबते, त्या थाळीचा दांडा पेट्रोल वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरमधला दट्ट्या उचलतो, आणि सहा पातळ नळ्यांतून सहा इंजेक्टरना सतत पेट्रोल जातं. सगळा हिशोब प्रेशरवर. सिस्टिम प्रेशर ५.३ ते ५.५ बार लागतं. मिस्त्रींचा गेज ४.९ दाखवत होता. मी घरून आणलेला माझा टेस्ट गेज लावला, तो ४.७. त्यांचा ०.२ ने जास्त दाखवतोय हे मी सांगितलं तेव्हा ते अर्धा तास माझ्याशी बोलले नाहीत. संध्याकाळी निघताना म्हणाले, "तो गेज हयच ठेवा." अजून तिथेच आहे.

प्रेशर कमी का, तर फिल्टर चोंदलेला आणि पंप थकलेला. दोन्ही बदलल्यावर ५.४. गाडी बंद केल्यावरही लाइनमध्ये काही वेळ प्रेशर धरून राहायला हवं, त्यासाठी पंपाजवळ एक ॲक्युम्युलेटर असतो. माझ्या गाडीत दोन मिनिटांत काटा शून्यावर. मे महिन्यातला लांबलचक सेल्फ तिथून येत होता: लाइनमध्ये प्रेशर नाही, वरून इंजिनची धग, पेट्रोलची वाफ. ॲक्युम्युलेटर बदलला, प्रश्न संपला. याच्यावर मी आधी दोन बॅटऱ्या आणि एक स्टार्टर खर्च केला होता.

आता बाटल्या. हा प्रकार मी कधी विसरणार नाही. सहाही इंजेक्टर इंजिनातून बाहेर काढले, त्यांच्या नळ्यांसकट, आणि एकेक इंजेक्टर एकेका एक लिटरच्या पाण्याच्या बाटलीच्या तोंडात. बाटल्या फळीवर ओळीने. बॅटरीची तार लांब, शेडमधला पंखा बंद, पोऱ्या आग विझवायचा सिलिंडर घेऊन उभा, कुत्रीला बाहेर काढलेलं. पंपाला थेट करंट दिला आणि मिस्त्रींनी दोन बोटांनी ती हवेची थाळी हलकेच दाबून धरली. सहा फवारे सुरू. म्हणजे तीन फवारे. पहिला, दुसरा, पाचवा छान धुक्यासारखे, शंकूच्या आकाराचे. चौथ्याची एक सरळ धार, लहान मुलासारखी. सहावा एकाच बाजूला थुंकत होता. आणि तिसरा थाळी सोडल्यावरही टपकत राहिला, टप, टप, पालिकेच्या नळासारखा. मिनिटभराने बाटल्या ओळीने लावल्या तर चौथीत पेट्रोल बोटभर कमी. म्हणजे सहातला एक सिलिंडर उपाशी, एकाला अपचन, आणि मी वरून कोन फिल्टर लावून घोडे शोधत होतो.

धार बदलली की दोष इंजेक्टरचा, आणि पेट्रोलच कमी आलं की दोष डिस्ट्रिब्युटरचा असू शकतो. म्हणून मिस्त्रींनी चौथ्या आणि पाचव्याची अदलाबदल करून पुन्हा तोच खेळ केला. कमतरता इंजेक्टरबरोबर पाचव्या बाटलीत गेली. डिस्ट्रिब्युटर वाचला. तो नवा घ्यायचा म्हटलं असतं तर मी गाडी तिथेच चिंचेखाली सोडून आलो असतो. ईएचए नावाचा एक छोटा विजेवर चालणारा तुकडा डिस्ट्रिब्युटरच्या बाजूला असतो, मिक्स्चर थोडं पातळ-घट्ट (म्हणजे पेट्रोल कमी-जास्त) करायला. तोही महाग. निऑन पाटीवाल्यांनी 'ईएचए गेलाय' म्हणून निदान केलं होतं. मिस्त्रींनी मल्टिमीटर सीरिजमध्ये लावला. गरम इंजिन, आयडलला करंट शून्याच्या आसपास, रेस दिली की वर. अगदी असंच हवं. ईएचए ठणठणीत.

सहा इंजेक्टर नवे, त्यांचे रबरी सील आणि प्लॅस्टिकचे होल्डरही. जुने सील काढताना नखाने तुटत होते, जिलेबीच्या कडेसारखे.

आणि धूर. दुसऱ्या दिवशी, पेट्रोलचं काम पूर्ण आवरल्यावर, मिस्त्रींनी एका पत्र्याच्या डब्यात धूप पेटवला आणि सायकलच्या पंपाने तो धूर इंजिनच्या हवेच्या वाटेत सोडला. गुरुवारच्या आरतीसारखा वास. थाळीखालच्या जाड रबरी बुटाला मागच्या बाजूला, जिथे कुणाची नजर जात नाही तिथे, चार इंचांची चीर. धूर सरळ उभा. ही चोरटी हवा थाळीखालून न मोजता आत येत होती, त्यामुळे आयडल पातळ, गाडी हलायची. आधीच्या दुकानाने ती हलते म्हणून मिक्स्चरचा स्क्रू घट्ट बाजूला पिळला. आयडल सुधारलं, पण जोर लावला की पेट्रोलचा पूर. काळे प्लग, साडेपाचचं ॲव्हरेज आणि मेलेला पिकअप, सगळं त्या एका चिरेपासून आणि तिच्यावरच्या चुकीच्या औषधापासून.

मूळ एअर फिल्टरचा डबा सुदैवाने आमच्या माळ्यावर होता, गणपतीच्या मखरामागे. हिने भंगारवाल्याला दिला नाही याचं श्रेय तिला.

आता ई२० बद्दल, कारण जुन्या गाडीवाला प्रत्येक जण मला हेच विचारतो. आपल्या पंपांवर आता वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल आहे. इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी, त्यामुळे थोडं ॲव्हरेज जाणारच. शिवाय इथेनॉल स्वतःबरोबर ऑक्सिजन घेऊन येतो, म्हणजे तेवढ्याच पेट्रोलला मिक्स्चर पातळ पडतं. नव्या गाडीत सेन्सर ते ओळखून भरपाई करतो. माझ्या गाडीला लॅम्डा सेन्सरच (धुरातला ऑक्सिजन मोजणारा) नाही, तिला कोण सांगणार? हाताने सांगावं लागतं. मिस्त्रींनी आधी सगळ्या गळत्या बंद केल्या, मग गाडी पीयूसीवाल्याकडे नेली, नळी सायलेन्सरमध्ये, आणि तीन मिलीमीटरच्या ॲलन कीने स्क्रू केसाएवढा केसाएवढा फिरवत सीओ (धुरातला कार्बन मोनॉक्साइड) एक टक्क्याच्या आसपास आणला. आधी ५.८ होता. पीयूसीवाला पोरगा आपलं मशीन पहिल्यांदाच कामाला आल्यासारखा बघत होता. इथेनॉलची एक चांगली बाजू म्हणजे ऑक्टेन वाढतो, आणि हे इंजिन मुळात जास्त ऑक्टेनवालंच, त्यामुळे घाटात नॉकिंग ऐकू येत नाही. पण जुन्या रबरी पेट्रोल पाइपचे हाल होतात. टाकीपासून पुढपर्यंतचे रबरी तुकडे बदलून '३०आर९' छापलेला पाइप टाकला. यात कंजुसी करू नका. गरम एक्झॉस्टशेजारी पेट्रोल गळणं म्हणजे काय हे सांगायला नको.

प्लग रेझिस्टर नसलेले, साध्या तांब्याचे, कंपनीने सांगितलेले. निऑनवाल्यांनी इरिडियम टाकले होते, महागडे. प्लगना ठिणगीची वीज वाटणारी डिस्ट्रिब्युटर कॅप (पेट्रोलचा डिस्ट्रिब्युटर वेगळा) या इंजिनात पुढच्या बाजूला, थेट कॅमशाफ्टच्या टोकावर असते, आणि दमट हवेत आतून घाम धरते. सकाळचे झटके तिथले. नवी कॅप, नवा रोटर, पुढची ऑइल सील. जुलैत विटाव्याच्या रेल्वे पुलाखालून, नेहमीप्रमाणे साचलेल्या पाण्यातून, हळूहळू गेलो. एकदाही खोकली नाही.

एवढं सगळं झाल्यावर ट्रायल घेतली. बरी होती. पण 'वा' नाही. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला तरी गिअर खाली पडेना. मिस्त्री शेजारी बसले होते. त्यांनी गाडी बाजूला घ्यायला लावली, वाकून माझ्या पायाखाली हात घातला आणि मॅट उचलला. मग त्याखालचा मॅट उचलला. मग त्याखालचा. तळाला मामाच्या वेळचा मूळ गालिचा, त्यावर रबरी मॅट, त्यावर पावसाळ्यासाठी मीच टाकलेला जाड काथ्याचा. पेडलखाली किकडाउनचा स्विच असतो, पेडल तिथपर्यंत पोहोचतच नव्हतं. शिवाय लिंकेजचे बुश झिजलेले, त्यामुळे पेडल जमिनीला टेकलं तरी थ्रॉटलची झडप तीन चतुर्थांशच उघडत होती. तिसऱ्या मॅटनंतर मिस्त्री काही बोलले नाहीत. न बोलण्याची त्यांची एक पद्धत आहे.

बुश बदलले, लिंकेज सेट केलं, एकच मॅट ठेवला.

मुंब्रा बायपासचा एक ठरावीक चढाचा तुकडा, रविवारी सकाळी सहा, मोकळा रस्ता, एसी चालू, शेजारी मुलगा स्टॉपवॉच घेऊन. ४० ते ८०: आधी ८.६ सेकंद, आता ५.९. तीन-तीनदा घेतलेली सरासरी. ठाण्यात ॲव्हरेज सात, पुण्याच्या रस्त्याला साडेनऊच्या आसपास. बोरघाटात एसी चालू ठेवून चढलो, गिअर एकदा खाली पडला, इंजिनने तो सहा सिलिंडरवाला गोल, रेशमी आवाज काढला, आणि मी मागची कितीतरी वर्षं हे काय हरवून बसलो होतो ते कळलं. हिने फक्त "जरा हळू" म्हटलं. लग्नानंतर या गाडीत ते पहिल्यांदाच.

आता तक्रारी. दहा दिवस सांगून पाच आठवडे लागले. फोन उचलत नाहीत, पोऱ्या उचलतो आणि 'काका बाहेर गेलेत' म्हणतो, मागे काकांचाच आवाज येत असतो. बसायला उलटा ठेवलेला ऑइलचा डबा. बिल वहीच्या पानावर, पार्टच्या पावत्या मात्र एकूण एक जोडलेल्या. मागच्या दाराच्या पॅनेलची एक क्लिप तुटली, ती अजून मिळालेली नाही. आणि ती कुत्री दोन आठवडे माझ्या गाडीच्या डिकीत झोपत होती, केस अजून निघतात. वॅगन आहे म्हटल्यावर तिची काय चूक.

खर्च: पार्ट ७४,३००, मजुरी २६,०००. पार्ट मीच आणले, काही ऑपेरा हाऊसला, काही ऑनलाइन मागवून. मिस्त्री यादी देतात, नंबरासकट, तोंडपाठ. त्यात अर्ध्याहून जास्त इंजेक्टर आणि पंप. निऑन पाटीवाल्यांकडे ५२,००० गेले होते, ज्यातलं आज गाडीत काहीही शिल्लक नाही. कोन फिल्टर हवा असेल कुणाला तर सांगा, फुकट देतो.

मागचं सेल्फ-लेव्हलिंग (वजन पडलं तरी गाडीची मागची बाजू समतल ठेवणारं सस्पेन्शन) अजून बाकी आहे. नायट्रोजनचे दोन गोळे मेलेत, त्यामुळे मागची सीट घोडबंदर रोडवर बैलगाडी होते. ते दिवाळीनंतर.

पाच पैकी साडेचार. अर्धा फोनसाठी कापला. जायचं असेल तर शनिवार टाळा, त्या दिवशी मिस्त्री मासे आणायला जातात. गाडीचे जुने कागद, आधीची बिलं सगळी घेऊन जा, ते वाचतात. आणि निघण्याआधी पायाखालचे मॅट घरी काढून ठेवा.